देवाची इच्छा रोजच्या जगण्यात कशी ओळखायची, कशी पाळायची? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त! कॉटेज मीटिंगनंतर (कोणाच्या तरी घरी होणारी प्रार्थना सभा) चहा घेताना, यूथच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, रविवारी उपासना सुटल्यावर गेटपाशी उभं राहून, सगळीकडे फिरून फिरून हेच प्रश्न येतात. कॅम्पातल्या चर्चला जाणारे असोत, क्वार्टर गेटचे, पिंपरीचे, खडकीचे नाहीतर वडगाव शेरीचे, प्रश्न तेच असतात, म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. वचनांचे संदर्भ दिलेत (४:३ म्हणजे अध्याय ४, वचन ३) ते प्लीज स्वतः उघडून वाचा, मी सांगतोय म्हणून मानू नका.

देवाची इच्छा म्हणजे नेमकं काय?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा एखादा मोठा निर्णय असतो. नोकरी, लग्न, फ्लॅट, परदेश. पण बायबलमध्ये "ही देवाची इच्छा आहे" असं स्पष्ट जिथे जिथे म्हटलंय तिथे बघा, फ्लॅटचं काहीच नाहीये. १ थेस्सलनीकाकरांस ४:३ मध्ये प्रेषित पौल (ज्याची पत्रं नव्या करारात आहेत) म्हणतो की तुम्ही पवित्र व्हावं, जारकर्मापासून लांब राहावं ही देवाची इच्छा. त्याच पत्रात ५:१६ ते १८ मध्ये नेहमी आनंद करा, प्रार्थना सोडू नका, सगळ्या परिस्थितीत उपकार माना, हीच त्याची इच्छा. १ पेत्र २:१५ मध्ये चांगलं वागून लोकांची तोंडं बंद करा. आणि मीखा ६:८ तर संडे स्कूलपासून पाठ असतं आपल्याला, नीतीने वागणं, दया करणं, देवाबरोबर नम्रपणे चालणं.

म्हणजे त्याला आपल्याकडून काय हवंय ते बहुतेक सगळं आधीच सांगून झालंय. आपण मात्र न सांगितलेलं शोधत बसतो, आणि सांगितलेलं तसंच पडून राहतं. सख्ख्या भावाशी वाटणीवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे, आणि उपास-प्रार्थना कशासाठी चाललीय तर कुठली गाडी घ्यावी ते देवाने दाखवावं म्हणून. अरे, भावाला फोन कर ही देवाची इच्छा आहे हे तर मत्तय ५:२३-२४ मध्ये पांढऱ्यावर काळं लिहिलंय, की अर्पण वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर!

पण देवाचा माझ्यासाठी काही खास प्लॅन असेलच ना?

आहे. फक्त तो आपल्याला आगाऊ दाखवलेला नसतो. अनुवाद २९:२९ वाचा, गुप्त गोष्टी परमेश्वराच्या आहेत, प्रकट केलेल्या आपल्यासाठी आहेत, त्या पाळाव्यात म्हणून. इतिहास कसा न्यायचा ते तो बघतो, आपल्याला आज्ञा दिल्यात त्या आपण बघायच्या. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस उगाच घाबरून राहतो, की आपलं एक पाऊल चुकलं तर देवाची सगळी योजनाच कोलमडेल. इतका दुबळा नाहीये आपला देव.

मला हिंजवडीत ऑफर आहे आणि बेंगळुरूलाही आहे. देवाची इच्छा कुठे आहे ते कसं कळेल?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पहिल्यांदा बघायचं की यातल्या कुठल्या कामात सरळ सरळ पाप आहे का. फसवणूक, लोकांना नाडणं, खोटे कागद करणं वगैरे. असेल तर पुढे प्रार्थना करायची गरजच नाही, उत्तर आलेलं आहे. दोन्ही कामं सरळ असतील तर मग ज्या जबाबदाऱ्या देवाने आधीच गळ्यात घातल्यात त्या बघायच्या. आई-वडील म्हातारे आहेत का, घरात दुसरं कोणी बघणारं आहे का (१ तीमथ्य ५:८ फार कडक आहे यावर), कर्ज किती आहे, बायकोची नोकरी, मुलांची शाळा, नव्या गावात मंडळी, म्हणजे चर्च, मिळेल का की रविवार नुसता झोपण्यात जाणार. पगार पण बघायचा, त्यात काही अधार्मिक नाही, फक्त तो एकटाच बघायचा नाही. मग जी माणसं तुम्हाला नीट ओळखतात आणि तोंडावर खरं बोलतात त्यांना विचारायचं. याकोब १:५ प्रमाणे शहाणपण मागायचं, तिथे देव ते उदारपणे देतो आणि दोष लावत नाही असं वचन आहे.

आणि मग ठरवायचं! दोन्ही चांगलं असेल तर तुम्हाला जे आवडतं ते निवडा. खूप जणांना हे ऐकून धक्का बसतो पण मला यावर बायबलमध्ये कुठेच बंदी दिसत नाही. पौल बघा ना, त्याचा प्रवास कसा चालायचा. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये त्याला आशिया प्रांतात जायचं होतं, आत्म्याने अडवलं, बिथुनियाला निघाले, तिथेही अडवलं, मग त्रोवसला रात्री मासेदोनियाच्या माणसाचा दृष्टान्त झाला. आपण दृष्टान्ताचं लक्षात ठेवतो पण १०व्या वचनात असंय की त्यावरून त्यांनी अनुमान काढलं, म्हणजे डोकं वापरलं. शिवाय अडवलं तेव्हा तो चालतच होता, घरी बसून नव्हता. आणि बाकीचे कितीतरी प्लॅन त्याने साधेच केलेत, रोमकरांस १५ मध्ये लिहितो की स्पेनला जाताना तुमच्याकडे येईन, दृष्टान्त वगैरे काही नाही. तो स्पेनला पोचलाच असंही बायबल सांगत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या तोंडात "प्रभूची इच्छा असेल तर" हे वाक्य कायम असायचं, ते याकोब ४:१५ मधून आलंय. तिथे धंद्याचे प्लॅन करणाऱ्यांनाच सांगितलंय. प्लॅन करू नका असं याकोब म्हणत नाही, उद्याचा दिवस आपल्या हातात असल्यासारखी घमेंड करू नका म्हणतो.

रविवारी शिफ्ट असते, उपासना बुडते. नोकरी सोडू का?

लगेच नको. मॅनेजरशी बोला, शिफ्ट बदलून मागा, संध्याकाळची उपासना कुठे असते बघा, शनिवारची मीटिंग किंवा मधल्या वारची कॉटेज मीटिंग धरा. नर्स, पोलीस, पीएमपीचे ड्रायव्हर यांना रविवारी काम करावंच लागतं आणि ती सेवाच आहे. पण वर्षानुवर्षं एकही मंडळी नाही, प्रभुभोजन नाही, असं व्हायला लागलं तर मात्र दुसरी नोकरी शोधायला लागा.

नवीन वर्षाच्या वॉच नाईटला (३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना) प्रॉमिस कार्ड (वर्षासाठी वचन छापलेली चिठ्ठी) निघालं, त्यावर यिर्मया २९:११ होतं. म्हणजे यंदा माझं काम होणार ना?

हे कार्ड अर्ध्या घरांत फ्रिजवर लावलेलं असतं, तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत वगैरे. वचन खरंच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण ते कोणाला लिहिलं होतं ते वाचा. बाबेलला कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमहून पाठवलेलं ते पत्र आहे. एक वचन मागे गेलं की दिसतं, सत्तर वर्षं लागतील असं सांगितलंय. म्हणजे ते पत्र ऐकणारे बरेच जण परत जायच्या आधी तिथेच वारले असतील. आणि तोपर्यंत काय करायचं तर ५ ते ७ वचनांत आहे, घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराचं हित बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

मला तर हे कार्डापेक्षा जास्त मोठं वाटतं. कारण आपण पुण्यात राहतो, आणि पुण्याचं हित बघणं ही देवाची इच्छा आहे हे मला यातून कळतं. सोसायटीची मीटिंग, वॉर्डातलं पाणी, नदीतला कचरा, शेजारच्या आजींचं औषध आणून देणं, हे सगळं त्यात येतं.

कार्ड काढू नका असं मी म्हणत नाही. फक्त कार्ड निघालं की तो अख्खा अध्याय बसून वाचा.

बायबल डोळे मिटून उघडायचं आणि बोट ठेवायचं, असं चालतं का? किंवा देवाकडे चिन्ह मागितलं तर?

बोट ठेवायची पद्धत सोडा. त्यात बायबलचा मान राहत नाही.

चिन्हाबद्दल लोक गिदोनाचं उदाहरण देतात, लोकरीचं, म्हणजे रात्री बाहेर ठेवलेली लोकर ओली होते की कोरडी राहते यावरून त्याने देवाकडे खूण मागितली ते. शास्ते ६ सगळा वाचला तर दिसतं की लोकर ठेवायच्या आधीच देवाने त्याला जा म्हणून सांगितलं होतं, मी तुझ्याबरोबर आहे असंही सांगितलं होतं. भीतीपोटी त्याने परत परत विचारलं आणि देवाने त्याच्या कमजोरीला सांभाळून घेतलं. यातून देवाची दया शिकायची. सगळ्यांनी असंच करायचं असा नियम तिथे दिलेला नाही. "सिग्नल हिरवा मिळाला तर हो" असले प्रकार तर अजिबात करू नका, पुण्याच्या ट्रॅफिकवर आयुष्याचा निर्णय कशाला सोपवायचा.

"मनाला शांती वाटते, म्हणजे देवाची इच्छा" हे बरोबर आहे का?

अर्धवट बरोबर आहे, आणि म्हणूनच त्याने लोक जास्त फसतात. योना संदेष्टा देवापासून पळून चालला होता, उलट्या दिशेच्या जहाजात बसला होता, बाहेर वादळ, आणि तो आत गाढ झोपलेला (योना १:५). त्याला शांतीच होती की! आणि गेथशेमानेत प्रभू येशू पूर्णपणे पित्याच्या इच्छेत होता, तरी लूक सांगतो की त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता. "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" ही प्रार्थना हसत खेळत झालेली नाहीये. त्यामुळे नुसत्या वाटण्यावर जाऊ नका. भावाची माफी मागायला जाताना पोटात गोळा येतोच, लाच नाकारताना हात थरथरतात, तरी ते बरोबरच असतं. फिलिप्पैकरांस ४:७ मधली शांती ही सगळं देवासमोर मांडणाऱ्याच्या मनाचं रक्षण करते असं लिहिलंय, निर्णय बरोबर असल्याची पावती म्हणून ती मिळते असं तिथे म्हटलेलं नाही.

पण मनातल्या हालचालींकडे लक्षच द्यायचं नाही असंही नाही. कॅथलिक बांधवांकडे यावर खूप जुना अनुभव आहे. आपल्या नगर रोडवर डी नोबिली कॉलेज आहे ते येशूसंघाचं (जेझुइट धर्मगुरूंचा संघ), त्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१ ते १५५६) यांनी यावर बारकाईने लिहून ठेवलंय. त्यांचा एक नियम मी सगळ्यांना सांगतो, चर्च कुठलंही असो. मन कोरडं पडलंय, देव लांब वाटतोय, निराशा आलीय, अशा काळात आधी नीट विचार करून घेतलेला निर्णय बदलू नका. किती नोकऱ्या, किती लग्नं, किती सेवा या एका नियमाने वाचतील.

सोसायटीतल्या गणपतीची वर्गणी, आरतीचं ताट, प्रसाद. याबद्दल देवाची इच्छा काय?

पुण्यात राहून हा प्रश्न टाळता येत नाही, आणि खरं सांगायचं तर विश्वासणाऱ्यांमध्ये यावर एकमत नाहीये. पौलापुढे करिंथमध्ये जवळपास हाच प्रश्न होता, म्हणून त्याने १ करिंथकरांस ८ ते १० असे तीन अध्याय घातलेत यावर. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की मूर्ती काही नाही, देव एकच आहे, त्यामुळे बाजारात मिळणारं मांस काही न विचारता खा. पण मूर्तिपूजेत मात्र भाग घेऊ नका. आणि तुमच्या खाण्याने एखाद्या कच्च्या विश्वासाच्या भावाला ठेच लागत असेल तर स्वतःचा हक्क सोडून द्या.

मी स्वतः हे असं धरतो की पूजेत उभं राहायचं नाही, पण शेजाऱ्याच्या आनंदात तोंड पाडूनही बसायचं नाही. मंडपाच्या लायटिंगला, रक्तदान शिबिराला, मुलांच्या स्पर्धांना वर्गणी देण्यात मला काही गैर वाटत नाही. काहींना वाटतं, आणि त्यांच्या विवेकाला मी नावं ठेवणार नाही, रोमकरांस १४ त्यासाठीच आहे. काकूंनी प्रेमाने प्रसादाची वाटी आणून दिली तर ती खायची की नाही हे तुमच्या विवेकावर, पण न खाणाऱ्याने सुद्धा "काकू थँक्यू, आमच्याकडे देवाला वाहिलेलं खात नाहीत, पण तुमच्या हातचे मोदक एरवी नक्की खाणार" एवढं गोड बोलता येतं. वाटी हातातून ढकलणं, मुलांसमोर त्यांच्या देवाला वाईट बोलणं, हे देवाच्या इच्छेत कुठेच बसत नाही. आणि नाताळला करंज्या आणि केक घेऊन त्यांच्या दारात जायला विसरू नका.

फ्लॅट घेताना थोडी रक्कम रोख द्यावी लागते, सगळेच देतात. चालेल ना?

नाही.

रोख दाखवायची नाही म्हणजे कर आणि स्टॅम्प ड्युटी चुकवायची, खोट्या आकड्याखाली सही करायची. रोमकरांस १३:७ मध्ये ज्याचा कर त्याला द्या असं सरळ सांगितलंय. सगळी रक्कम चेकने घेणारा बिल्डर शोधा, वेळ लागेल, लांबचा एरिया मिळेल, एक खोली कमी मिळेल. त्या घरात पुढे आयुष्यभर कौटुंबिक प्रार्थना करायचीय तुम्हाला.

एका भावाने येऊन सांगितलं की "प्रभूने मला दाखवलंय, तूच माझी बायको आहेस." मी काय करू?

ताई, तुम्हाला तो पसंत नसेल तर नाही म्हणा. देवाला तुमचाही पत्ता माहितीय, तुमच्या लग्नाबद्दल काही बोलायचं असेल तर तो तुम्हालाही सांगेल. देवाचं नाव घेऊन समोरच्याचं तोंड बंद करणं हा दबाव आहे, मग करणारा कितीही प्रार्थनाशील असो.

लग्नाबद्दल १ करिंथकरांस ७:३९ मध्ये पौल विधवेला सांगतो की तिला पाहिजे त्याच्याशी लग्न करायला ती मोकळी आहे, फक्त प्रभूमध्ये. तिच्या आवडीला जागा आहे आणि विश्वासाची अट आहे. त्या हद्दीत स्वभाव बघा, तो आईशी, वेटरशी, हाताखालच्या माणसाशी कसा बोलतो ते बघा, दारू आणि कर्ज याबद्दल चौकशी करा, दोघांनी मेडिकल टेस्ट करून घ्या. आणि एक गोष्ट मला कळवळून सांगायचीय. आपल्या मंडळ्यांमध्ये अजून मूळ जात बघून स्थळं नाकारली जातात, वर त्याला "प्रभूची इच्छा नव्हती" असं म्हणतात. गलतीकरांस ३:२८ (ख्रिस्तात सगळे एकच) रोज वाचायचं आणि असं वागायचं, हे देवाच्या नावावर घालू नका.

नवरा मारतो. चर्चमधले म्हणतात सहन कर, हाच तुझा वधस्तंभ आहे. ही देवाची इच्छा आहे का?

नाही, नाही आणि नाही. इफिसकरांस ५:२८-२९ मध्ये नवऱ्याने बायकोवर स्वतःच्या शरीरासारखं प्रेम करावं असं आहे, मारणारा त्या आज्ञेविरुद्ध रोज पाप करतोय. त्याला क्षमा करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि त्याच्या हाताखाली राहणं वेगळी. पौलाला फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने सुद्धा रोमी नागरिक म्हणून कायद्याचा आधार घेतला (कृत्ये २२:२५). आत्ता धोका असेल तर ११२ ला फोन करा, महिला हेल्पलाइन १८१ आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, त्यात घरात राहायचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश दोन्ही मागता येतं. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा. प्रार्थना तिथे बसूनही होते. आणि मंडळीतल्या बाकीच्यांना विनंती, अशी बहीण आली तर तिला वचन ऐकवायच्या आधी तिच्यासाठी खोलीचं दार उघडा.

आजार आला तर देवाची इच्छा म्हणून औषध बंद करावं का?

करू नका. लूक स्वतः वैद्य होता (कलस्सैकरांस ४:१४), आणि पौलाने तीमथ्याला पोटासाठी उपाय सांगितला, विश्वास वाढव म्हणून झापलं नाही. आपला सोबती त्रफिम याला तर त्याने मिलेत गावी आजारीच सोडलं होतं. इन्शुलिन, बीपीच्या गोळ्या, टीबीचा कोर्स, डिप्रेशनच्या गोळ्या, यातलं काहीही कोणाच्या साक्षीवरून, कोणाच्या भविष्यवाणीवरून बंद करायचं नाही. डॉक्टर आणि प्रार्थना दोन्ही चालू ठेवा.

आमचं मूल गेलं. सगळे म्हणाले देवाची इच्छा होती. मला प्रार्थना करवत नाही.

असं बोलणाऱ्यांनी बोलायला नको होतं. मुलंबाळं गमावलेल्या ईयोबाच्या मित्रांनी सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून काढले, ते त्यांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम होतं, तोंड उघडलं तिथून बिघडलं आणि शेवटी देवच त्यांच्यावर रागावला. लाजराच्या थडग्याशी येशू रडला, आणि त्याला तर माहीत होतं की पाच मिनिटांत तो त्याला उठवणार आहे. मरणाला बायबल शत्रू म्हणतं, शेवटचा शत्रू (१ करिंथकरांस १५:२६). देव हे सगळं आपल्या हातात धरून आहे असा माझा विश्वास आहे, पण का झालं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे ते तयार असतं त्यांचं ऐकू नका.

प्रार्थना होत नसेल तर स्तोत्र ८८ वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठलंही समाधान नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तुमच्यासाठी दुसरे प्रार्थना करतील, तुम्ही फक्त येऊन मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.

दार बंद झालं म्हणजे देवाने नाही म्हटलं असं समजायचं का?

दरवेळी नाही. १ करिंथकरांस १६:९ मध्ये पौल म्हणतो की मोठं दार उघडलंय आणि विरोधी पण पुष्कळ आहेत, आणि तो तिथेच राहिला. कधी दार ठोठवत राहायचं असतं, कधी खरंच दुसरीकडे वळायचं असतं, आणि ते त्या क्षणी कळतंच असं नाही.

यासाठी आपल्या पुण्याचंच उदाहरण बघा, पंडिता रमाबाईंचं. आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेले, १८८० ला भाऊ, १८८२ ला नवरा, कडेवर लहान मुलगी. १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं. उत्पन्न व्हावं म्हणून केडगावला जमीन घेऊन ठेवली, फळझाडं लावायला. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या, आणि इकडे पुण्यात प्लेग. प्लेगच्या नियमांमुळे एवढ्या मुलींना शहरात ठेवता येईना. दार बंद. मग त्या मुलींना केडगावच्या शेतावर नेलं, आणि तिथे मुक्ती मिशन उभं राहिलं, दौंडच्या गाडीने गेलं तर आजही ते केडगावला आहे. बागेसाठी जमीन घेताना रमाबाईंना यातलं काय माहीत होतं? भुकेल्या मुलीला जेवायला घालणं ही देवाची इच्छा आहे एवढं मात्र पक्कं माहीत होतं, आणि त्या तेवढं करत गेल्या.

पाळकसाहेब सांगतील तीच देवाची इच्छा मानायची का?

पाळकांचा मान ठेवा, त्यांचा सल्ला मनापासून घ्या. पण बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणं सुद्धा शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्यांचं कौतुक झालं (कृत्ये १७:११). रमाबाईंनीही १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांनी त्यांना शिकवलं त्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातले, विवेकाला पटल्याशिवाय मानणार नाही म्हणाल्या, तरी नातं तोडलं नाही. कोणी "प्रभू म्हणतो एवढी रक्कम पाठव" असा मेसेज केला तर तपासायचीही गरज नाही, ब्लॉक करा.

मला येशूच्या मागे जायचंय पण घरचे तयार नाहीत. त्यांना सोडू का?

घाई करू नका आणि त्यांच्यावर जबरदस्ती तर कधीच नको. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, आणि काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या मनाने विश्वासात आल्या. आज त्यांचा विश्वास उसना वाटत नाही तो त्यामुळेच. तुम्ही घरात आधीपेक्षा जास्त कामाला लागा, आईचा आवाज चढला तरी तुमचा चढू देऊ नका, १ पेत्र ३:१५ प्रमाणे विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्या. वडिलांच्या आजारपणात रात्री कोण जागलं ते घर विसरत नाही.

मी चुकीचा निर्णय घेतला. आता देवाचा प्लॅन बी चालू आहे का?

असं काही नसतं. योसेफाच्या भावांनी त्याला विकलं, ते पापच होतं, आणि उत्पत्ती ५०:२० मध्ये योसेफ म्हणतो की तुम्ही वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं. पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, त्यालाच येशूने मेंढरं चारायला सांगितली. पाप असेल तर कबूल करा, ज्याचं नुकसान केलंय ते भरून द्या, आणि परिणाम भोगायला लागतील तेही देवाबरोबर भोगा. नुसताच चुकीचा कोर्स, चुकीची कंपनी वगैरे असेल तर त्यात पापच नाहीये, पुढचं पाऊल टाका.

रोज नेमकं काय करायचं?

सकाळी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथे थांबा आणि आज ज्यांना भेटणार आहात त्यांची नावं घ्या, मॅनेजर, कामवाल्या ताई, सासूबाई. रात्री झोपायच्या आधी थोडा वेळ दिवस परत डोळ्यासमोर आणा, कुठे उपकार मानायचे, कुठे क्षमा मागायची, उद्या कोणाला फोन करायचा. गाडीवर असाल तर मनात बोला, डोळे उघडे ठेवून! आणि जे काम समोर आहे ते नीट करा, कलस्सैकरांस ३:२३ हे मूळ गुलामांना लिहिलेलं वचन आहे, ज्यांना कामाची निवडच नव्हती. तरी तेच काम प्रभूसाठी म्हणून करता येतं असं पौल त्यांना सांगतो. भांडी, एक्सेल शीट, पेशंटची चादर बदलणं, सगळं त्यात आलं.

मी नवीन आहे, बायबल जाड आहे, कुठून सुरू करू?

मार्कच्या शुभवर्तमानापासून. १६ अध्याय आहेत, रोज एक. मग याकोबाचं पत्र, ५च अध्याय आहेत पण रोजच्या वागण्यावर इतकं थेट दुसरीकडे क्वचित सापडतं. नंतर नीतिसूत्रे, ३१ अध्याय, तारखेप्रमाणे एकेक घेतला की महिन्यात होतं. जुनी भाषा जड जात असेल तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्या, फोनवर फुकट मिळतं, ऐकायलाही मिळतं. शक्यतो एकट्याने वाचू नका, मंडळीतल्या कोणालातरी धरा, आठवड्यातून एकदा भेटून जे कळलं नाही ते विचारा, आणि वाचलेल्यातलं जे करता येण्यासारखं आहे ते त्याच आठवड्यात करायला घ्या.